वरच्या खोलीत वाय-फाय नेताना: आधी मोजमाप, मग वायर, शेवटी यंत्र

खाली हॉलमध्ये राउटर आहे, वरच्या खोलीत रेंज येत नाही. मग दुकानातून रिपीटर आणायचा आणि वरच्या टेबलाजवळच्या सॉकेटमध्ये खोचायचा. बहुतेक घरांत असंच होतं. फोनवर सगळ्या काड्या भरतात, पण पान उघडत नाही. पैसे गेलेले असतात आणि मीटिंग तशीच अडकत असते.

चूक क्रमाची आहे. रिपीटर नवा सिग्नल तयार करत नाही, त्याच्यापर्यंत जो पोहोचतो तोच पुढे ढकलतो. जिथे मुळात काहीच पोहोचत नाही तिथे त्याला लावलं, तर तो काहीच नाही पुढे ढकलणार. फोनवर दिसणाऱ्या काड्या फोन आणि रिपीटर यांच्यामधल्या असतात. रिपीटर आणि खालचा राउटर यांच्यात काय चाललंय, ते त्या काड्या दाखवत नाहीत.

मुंबईत चारकोप-गोराईकडे म्हाडाच्या बैठ्या घरांवर आता एक-दोन मजले चढलेत. आमच्याच गल्लीतल्या एका काकूंच्या घरी मी हे काम पायरी-पायरीने केलं. त्यांची मुलगी वरच्या खोलीतून ऑफिसचं काम करते. पुढे जे आकडे दिलेत ते त्या घरातले आहेत. डुप्लेक्स फ्लॅट, गच्चीवरची खोली, चाळीतला पोटमाळा यांनाही हाच क्रम लागू पडतो. फरक इतकाच, की पोटमाळ्याच्या लाकडी फळ्यांतून सिग्नल सहज जातो, तर आरसीसी स्लॅबमधलं काँक्रीट आणि सळयांची जाळी तो बराच अडवते.

१. आधी मोजा

काहीही विकत घेण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. पहिला प्रश्न असा: दोष वाय-फायचा आहे की लाइनचा? लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडा आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास, सगळ्या इमारतीचा वापर चालू असताना, तीनदा स्पीड तपासा. प्लॅन १०० एमबीपीएसचा आणि वायरवरही ३० च मिळत असतील, तर वर काहीही लावून उपयोग नाही. आधी कंपनीकडे तक्रार करा.

वायरवर स्पीड बरोबर आला, तर पुढे चला. अँड्रॉइड फोनवर वाय-फायची ताकद डीबीएममध्ये दाखवणारं कुठलंही ॲप चालेल. आयफोनवर ॲपलचंच ‘एअरपोर्ट युटिलिटी’ घ्या आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्यातला वाय-फाय स्कॅनर चालू करा. आकडे उणे असतात, म्हणजे शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. साधारण हिशोब असा:

- उणे ५० ते उणे ६०: उत्तम.
- उणे ६७ पर्यंत: व्हिडिओ कॉल नीट चालतो.
- उणे ७० च्या पलीकडे: अडखळणं सुरू.
- उणे ८०: नेटवर्कचं नाव दिसतं, काम होत नाही.

दहाचा फरक म्हणजे ताकद दहापट कमी. उणे ५० आणि उणे ८० कागदावर जवळचे वाटतात, पण मधे हजारपटींचं अंतर आहे.

चार जागी मोजा: राउटरपासून दोन पावलांवर, जिन्याच्या पायथ्याशी, जिन्याच्या वळणावर आणि वरच्या टेबलावर. प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट थांबा, कारण आकडा हलत असतो. वाय-फायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन बँड वेगवेगळे लिहा. काकूंकडे ५ गिगाहर्ट्झवर राउटरजवळ उणे ४४, वळणावर उणे ६३ आणि टेबलावर उणे ८१ आला. त्यांचा रिपीटर नेमका त्या उणे ८१ च्या जागी लावलेला होता.

*तपासा:* वरच्या खोलीतून लॅपटॉपवर राउटरच्या पत्त्याला पिंग करून पाहा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा. हा पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो आणि फोनमध्ये वाय-फायच्या तपशिलात ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’ म्हणून दिसतो. तो लिहून ठेवा, पाचव्या टप्प्यात लागणार आहे. उत्तर काही मिलिसेकंदांत येत असेल तर घरातलं वाय-फाय ठीक आहे. शेकडो मिलिसेकंद लागत असतील किंवा मधेमधे उत्तरच येत नसेल, तर अडचण घरातच आहे.

२. खालचा राउटर हलवा

कनेक्शन लावायला आलेला माणूस केबल जिथून घरात शिरते तिथेच डबा ठोकून जातो. कधी मुख्य दाराच्या वर, कधी टीव्हीच्या मागे. टीव्हीमागची जागा सगळ्यात वाईट, कारण टीव्हीच्या पाठीचा पत्रा सिग्नल अडवतो. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, माशांची टाकी आणि गच्चीवरच्या खोलीसाठी पाण्याची टाकी, हे सगळे अडथळेच.

राउटर जिन्याच्या जवळ, उंचावर आणि मोकळा ठेवा. स्लॅबमधून जितका सिग्नल वर जातो त्याहून बराच जास्त जिन्याच्या मोकळ्या जागेतून जातो. बाहेर अँटेना असतील तर सगळ्या सरळ उभ्या ठेवू नका. उभी अँटेना सिग्नल चहूबाजूंना आडवा पसरवते, डोक्यावर मात्र सगळ्यात कमी देते. निदान एक अँटेना आडवी करा.

*सावध:* फायबरची बारीक वायर स्वतः ओढू नका, कोपऱ्यात घट्ट वाकवू नका, हिरवं टोक उघडं ठेवू नका. आत काच असते. डब्यावर लाल दिवा लागला तर कंपनीचा माणूस येईपर्यंत घरातलं नेट बंद. फायबरचा डबा आहे तिथेच राहू द्या आणि तिथून लॅनची (घरातल्या नेटवर्कची) वायर टाकून राउटर पुढे न्या. डबा आणि राउटर एकाच यंत्रात असतील, तर जागा बदलायला कंपनीलाच सांगा.

हलवल्यावर पुन्हा मोजा. काही घरांत काम इथेच संपतं. टेबलावर उणे ६५ आलं, तर एक रुपयाही खर्च करू नका. काकूंकडे टीव्हीमागून काढून जिन्याजवळ आणल्यावर उणे ८१ चा उणे ७३ झाला. सुधारला, पण पुरेसा नाही.

३. मार्ग निवडा

माझं मत स्पष्ट आहे: वायर वर नेता येत असेल तर वायरच न्या. बाकी सगळं त्यानंतर. एकदा वायर टाकली की शेजाऱ्यांचे पंधरा-वीस राउटर, स्लॅब, मायक्रोवेव्ह, कशाचाही त्या जोडणीवर परिणाम होत नाही.

“वायर न्यायला जागाच नाही” असं लोक लगेच म्हणतात. घरातून एक फेरी मारून बघा. जिन्याच्या कडेने केसिंग पट्टी जाईल का? खालच्या खिडकीतून बाहेर पडून छज्ज्यावरून वरच्या खिडकीत शिरता येईल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, गच्चीवरून खाली आलेला टीव्ही केबलचा जुना पाइप आहे का? बऱ्याच घरांत डिश किंवा केबल बंद झालेली असते, पण पाइप आणि आतली वायर तशीच पडून असते.

विजेच्या वायरिंगमधून डेटा नेणारे अॅडॅप्टरही मिळतात. वर आणि खाली वेगळे मीटर असतील, किंवा दोन मजले वेगळ्या फेजवर असतील, तर त्यांच्यावर अवलंबून राहू नका. स्पाइक गार्डमध्ये लावले तरी ते नीट चालत नाहीत, थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावावे लागतात. परत घेणारा दुकानदार असेल तरच आणा.

वायर खरोखरच अशक्य असेल तर सातव्या टप्प्यावर जा.

४. वायर टाका

*माप आणि खरेदी.* सुतळी घेऊन खरा मार्ग मोजा, प्रत्येक वळणासकट. दोन्ही टोकांना एकेक मीटर जास्त धरा. कॅट-६ केबल घ्या. १०० मीटरची मर्यादा घरात कधी येत नाही. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, मीटरवर कापून मिळते. केबल शुद्ध तांब्याची हवी. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. आतली एक तार ब्लेडने खरवडा, पांढरी दिसली तर ती केबल नको. बाहेरून जाणार असेल तर उन्हात टिकणारं काळं आवरण असलेली घ्या. घरातली करडी केबल मुंबईच्या दोन-तीन उन्हाळ्या-पावसाळ्यांत तडकते.

*ओढणं.* टोकांना जॅक आधी बसवू नका. जॅकसकट केबल पाइपात अडकते. काकूंकडे जुन्या टीव्ही केबलच्या टोकाला नवी केबल बांधली, सांध्यावर इन्सुलेशन टेप गाजरासारखा निमुळता गुंडाळला, आणि एकाने वरून ओढताना दुसऱ्याने खालून हळूहळू ढकलली. वळणावर अडकलं की जोर लावायचा नाही. थोडं मागे घ्यायचं आणि पुन्हा पुढे. जुनी केबल ओढण्याआधी मात्र ती दुसऱ्या कुणाच्या घरी पुढे जात नाही ना, हे बघून घ्या. गल्लीत एकाच केबलवरून तीन घरं जोडलेली असतात.

*सावध:* विजेच्या वायरच्या पाइपातून नेटवर्कची केबल घालू नका. इलेक्ट्रिशियन “जातेय की, टाकून देतो” म्हणाला तरी नाही. विजेच्या वायरचं आवरण फाटलं तर २३० व्होल्ट थेट राउटरमध्ये आणि तुमच्या हातात येतील. दोन्ही समांतर न्यायच्या असतील तर मधे वीतभर अंतर ठेवा, ओलांडायच्या असतील तर काटकोनात ओलांडा.

*सावध:* तुळई, खांब किंवा वॉटरप्रूफिंग केलेल्या गच्चीत भोक पाडू नका. भिंतीला भोक पाडायचं तर बाहेरच्या बाजूला उतार ठेवून तिरकं पाडा आणि पाडून झाल्यावर सीलंट भरा. केबल भोकात शिरण्याआधी बाहेर तिला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून ओघळून झोळाच्या तळाशी टपकेल आणि घरात शिरणार नाही. इतकी लहान गोष्ट, पण ती राहिल्यामुळे जूनमध्ये भिंत ओली होते आणि राउटरवर पाणी उतरतं.

*जॅक बसवणं.* दोन्ही टोकांना एकच क्रम ठेवा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ जितका कमी उलगडाल तितकं चांगलं, अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. आवरणाचं टोक जॅकच्या आत दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर सगळा ताण बारीक तारांवर येतो.

*तपासा:* आठ दिव्यांचा केबल टेस्टर लावा. इथे माझीच चूक झाली होती. मी घाईत टेस्टर न लावता लॅपटॉप जोडला, इंटरनेट चालू झालं आणि मी काम झालं म्हणून मोकळा झालो. प्लॅन २०० चा होता, स्पीड मात्र ९३-९४ च्या पुढे जाईना. संध्याकाळी टेस्टर लावला तर सातवा दिवा लागत नव्हता, एक तार जॅकच्या टोकापर्यंत पोहोचलीच नव्हती. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा पुरतात, त्यामुळे नेट चालतं आणि दोष लपून राहतो. स्पीड नव्वदीत अडकला की आधी जॅक बघा.

५. वरचा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा

ॲक्सेस पॉइंट म्हणजे स्वतः पत्ते न वाटता, वायरने आलेलं खालचंच नेटवर्क वाय-फायवर देणारं यंत्र. वर नवीन राउटर लावा किंवा कपाटात पडलेला जुना. दोन्ही बँडचा असावा. जुन्या कंपनीचा कुलूप घातलेला राउटर कधीकधी सेटिंग बदलू देत नाही. सगळ्यात जास्त गोंधळ याच टप्प्यात होतो, म्हणून क्रम मोडू नका. खालून आलेली वायर अजून जोडायची नाही.

१) वरच्या राउटरचं रिसेटचं बटण टाचणीने दहा सेकंद दाबा.

२) लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, छोट्या वायरने तो राउटरला जोडा आणि तळाच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका.

३) मेनूमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ सापडला तर तोच निवडा. पुढच्या दोन पायऱ्या तो स्वतः करतो आणि वायर कुठल्या पोर्टमध्ये घालायची ते त्याच्या माहितीपत्रकात असतं. नसेल तर आधी वाय-फायचं नाव आणि पासवर्ड भरा. ते कसे ठेवायचे ते सहाव्या टप्प्यात आहे. ॲडमिनचा पासवर्डही इथेच बदला.

४) आता लॅनचा पत्ता बदला. पहिले तीन आकडे खालच्या राउटरचेच ठेवा, शेवटचा वेगळा घ्या. खालचा १९२.१६८.१.१ असेल तर वरच्याला १९२.१६८.१.२५० द्या. खालच्या वाय-फायवरच्या फोनमधून खालच्या राउटरमध्ये जाऊन तो वाटत असलेल्या पत्त्यांची हद्द २०० वर थांबवा, म्हणजे २५० दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. सेव्ह केल्यावर पान बंद पडेल. घाबरू नका, नव्या पत्त्यावर पुन्हा उघडा.

५) सगळ्यात शेवटी डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना आपोआप पत्ते वाटायची सोय, बंद करा. हे आधी केलंत, तर लॅपटॉपला पत्ता मिळायचा थांबतो आणि अर्ध्यातच बाहेर राहता.

६) आता खालून आलेली वायर जोडा, पण लॅन पोर्टमध्ये. बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठी असलेल्या, वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टमध्ये नाही.

पत्ता बदलायचा राहिला, तर घरात एकाच पत्त्याची दोन यंत्रं होऊ शकतात. डीएचसीपी चालू राहिलं, तर दोन्ही राउटर पत्ते वाटत बसतात आणि फोनवर “कनेक्टेड, पण इंटरनेट नाही” येतं, तेही कधी एका फोनवर, कधी दुसऱ्या. वायर वॅनमध्ये घातली, तर इंटरनेट चालतं, पण वरून खालचा प्रिंटर दिसत नाही आणि फोनवरचा व्हिडिओ खालच्या टीव्हीवर टाकता येत नाही, कारण घरात दोन वेगळी नेटवर्क झालेली असतात.

*तपासा:* वरच्या वाय-फायला जोडलेल्या फोनमध्ये गेटवेचा आकडा बघा. तो खालच्या राउटरचाच हवा.

*सावध:* एका राउटरमधून निघालेल्या वायरचं दुसरं टोक चुकून त्याच राउटरमध्ये गेलं, किंवा दोन राउटरांमध्ये दोन वायरी लागल्या, तर डेटा गोल फिरत राहतो आणि घरातलं सगळं नेटवर्क ठप्प होतं. सगळे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे चमकू लागले, तर आधी हेच बघा.

गच्चीवर पत्र्याची खोली असेल तर राउटर छताला लागून ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली तो तापून बंद पडतो. टेबलाच्या उंचीवर ठेवलेला बरा.

६. नाव, पासवर्ड, चॅनेल

नाव दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखं, पासवर्ड सारखा, सुरक्षेचा प्रकारही सारखा. खाली डब्ल्यूपीए-२ असेल तर वरही तोच. यातलं एक जरी वेगळं असलं, तरी जिना चढताना फोन आपोआप वरच्या राउटरवर जाणार नाही.

चॅनेल मात्र वेगवेगळे हवेत. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हेच एकमेकांवर चढत नाहीत. ॲपमध्ये शेजाऱ्यांची गर्दी बघा आणि त्यातले दोन निवडा. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. दाटीवाटीच्या गल्लीत ४० केलं की तुमचाही स्पीड जातो आणि शेजाऱ्यांचाही. ५ गिगाहर्ट्झवर खाली ३६ आणि वर १४९ ठेवलं की झालं.

फोन वर येऊनही खालच्याच राउटरला चिकटून राहत असेल, तर खालच्या राउटरची ट्रान्समिट पॉवर एक पायरी कमी करा. वर जागोजागी ताकद वाढवत बसण्यापेक्षा हे बरं.

७. वायर शक्यच नसेल तर

रिपीटरची जागा खोलीत नसते, वाटेवर असते. पहिल्या टप्प्यातल्या कागदावर जिथे उणे ६० ते उणे ६५ लिहिलंय, तीच त्याची जागा. बहुधा ती जिन्याचं वळण किंवा वरच्या दाराजवळची भिंत असते. तिथे सॉकेट नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून एक पॉइंट काढून घ्या. जिन्यावरून एक्स्टेन्शनची वायर लोळवू नका, रात्री कुणीतरी अडखळतं.

साधा रिपीटर एकाच बँडवर ऐकतो आणि त्याच बँडवर बोलतो, त्यामुळे स्पीड साधारण निम्मा होतो. दोन बँडचा घ्या आणि खालच्या राउटरशी तो ५ गिगाहर्ट्झवर जोडा. नावामागे आपोआप लागणारं शेपूट काढून मूळ नाव द्या.

मेश, म्हणजे मिळून एकच वाय-फाय चालवणारे डबे, घ्यायचं असेल तर एक मजला चढायला दोन डबे पुरतात. दोन्ही आधी एकाच टेबलावर शेजारी ठेवून जोडून घ्या, मगच दुसरा वर न्या. मेश लावल्यावर कंपनीच्या राउटरचं वाय-फाय बंद करा, नाहीतर फोन त्याच्याकडेच पळतो. आणि पुढेमागे वायर टाकणं जमलं, तर तीच वायर मेशच्या दोन डब्यांमध्ये लावता येते. घेताना डब्याला लॅनचं पोर्ट आहे का तेवढं बघा.

८. शेवटची चाचणी

कुणाला तरी व्हिडिओ कॉल लावा आणि बोलत बोलत हॉलमधून जिना चढून वर जा. एखाद-दुसऱ्या क्षणाची अडखळण चालेल, कॉल तुटता कामा नये. तुटला तर नाव आणि पासवर्ड पुन्हा जुळवून बघा. मग पहिल्या टप्प्यातल्या चारही जागी पुन्हा मोजा आणि जुन्या आकड्यांशेजारी नवे लिहा. काकूंच्या मुलीच्या टेबलावर आता उणे ४६ येतं. रिपीटर त्यांनी दुकानात परत केला.

केबलच्या दोन्ही टोकांना कागदी पट्टी चिकटवून कुठून कुठे ते लिहा. दोन्ही राउटरांचे पत्ते आणि पासवर्ड एका कागदावर लिहून मीटरच्या फळीच्या आत ठेवा. वायर बाहेरून गेली असेल तर पहिल्या मोठ्या पावसानंतर भोकाभोवतीच्या भिंतीला हात लावून बघा, आणि टेस्टर पुन्हा एकदा लावा.